पहिलं गटिंग मशीन घेताना पैसे कशाला मोजायचे?



माझ्या ट्रेनिंगला स्पोर्ट्सचे दुकानदार आले की एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, गटिंग मशीन घ्यायचंय. इलेक्ट्रॉनिक घेऊ की साधं?" आणि हे विचारतानाच त्यांच्या मोबाइलवर एखाद्या चकचकीत डिजिटल मशीनचा फोटो उघडलेला असतो. म्हणजे त्यांचं ठरलेलं असतं, माझ्या तोंडून फक्त 'घ्या' ऐकायचं असतं.

मी 'घ्या' म्हणत नाही. का म्हणत नाही ते आज सविस्तर लिहितोय. व्हिडिओत हे घाईत झालं होतं, आणि खरं सांगायचं तर एक गोष्ट मी तिथे मुद्दाम टाळली होती.

आधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच दुकानात परत जातील. बजेट कमी असेल तर पहिलं मशीन वजनाच्या दांडीचं घ्या, ज्याला ड्रॉप-वेट म्हणतात ते. पण फ्रेमला सहा ठिकाणी आधार देणारं आणि क्लॅम्प टेबलातच बसवलेलं. ताण देणाऱ्या भागावर कमीत कमी खर्च करा आणि रॅकेट धरणाऱ्या भागावर जमेल तेवढा जास्त. बाजारात नेमकं उलटं विकलं जातं. मशीन डिस्प्ले दाखवून विकलं जातं, आणि डिस्प्ले असतो ताण देणाऱ्या भागाला.

टाळलेली गोष्ट

माझं दुकान इचलकरंजीत. सुरुवातीची दोन वर्षं गटिंगला आलेल्या रॅकेट मी कोल्हापूरला पाठवायचो. गिऱ्हाइकाकडून मजुरीचे १५० रुपये घ्यायचो, कोल्हापूरचा माणूस १२० घ्यायचा, आणि मधले ३० रुपये रॅकेट पोचवण्या-आणण्यात जायचे. रॅकेट परत यायची तिसऱ्या दिवशी. ज्या पोराची मॅच उद्या आहे ते तिसऱ्या दिवसाची वाट कशाला बघेल? ते सरळ कोल्हापूरला जायचं, रॅकेट समोर बसून करून घ्यायचं आणि येताना बूटही तिथूनच घेऊन यायचं. माझं खरं नुकसान त्या बुटांचं होतं.

म्हणून मी ऑनलाइन १४ हजारांचं एक मशीन मागवलं. खोक्यावर 'टेनिस व बॅडमिंटन दोन्हींसाठी' असं छापलेलं. रॅकेटला फक्त वरच्या आणि खालच्या टोकाला आतून धरणारं, आणि दोन सुटे क्लॅम्प. वीसेक रॅकेट त्यावर बऱ्या झाल्या. मला वाटलं, जमलं.

एका संध्याकाळी नववीतली एक मुलगी वडिलांबरोबर आली. परवा जिल्ह्याच्या मॅचेस, २६ पाउंड करून हवेत. रॅकेट ४ हजार २०० रुपयांची. वडील यंत्रमागावर जॉबर. ही रॅकेट त्यांनी दिवाळीच्या बोनसातून घेतली होती, हे मला नंतर कळलं. ते दोघं चहाला गेले आणि मी कामाला बसलो. उभे गट ओढून झाले, आडव्यातले सहा-सात झाले, आणि 'टक' असा बारीक आवाज आला. फ्रेमला वरच्या बाजूला चीर. गट कापून काढले तर चीर आरपार.

काका आले. रॅकेट त्यांनी हातात घेतली, बघितली, खाली ठेवली. मग बराच वेळ मशीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "दादा, हे दोनच टोकाला धरतंय. कडेला आधार कुठाय? उभ्याला एवढा ताण दिल्यावर चौकट फाकणार की."

ज्या माणसाचं अख्खं आयुष्य ताण्या-बाण्यात गेलं त्याला जे एका नजरेत दिसलं, ते मला १४ हजार भरून दिसलं नव्हतं. मी त्यांना दुकानातली त्याच किमतीची नवी रॅकेट दिली. तीच कंपनी होती, पण मॉडेल वेगळं, तोलही वेगळा. मुलगी पहिल्याच फेरीत बाहेर पडली. रॅकेटमुळे हरली असं काका एका शब्दाने म्हणाले नाहीत. मीही तसं म्हणू शकत नाही, कारण समोरची पोरगी चांगली खेळली असेल. पण परवाच्या मॅचला तिच्या हातात अनोळखी रॅकेट होती आणि ती माझ्यामुळे होती. व्हिडिओत मी नुसतं 'स्वस्त मशीनने एकदा नुकसान झालं' असं म्हणून पुढे गेलो होतो. नुकसान हे एवढं होतं.

फ्रेम का जाते

काकांनी जे सांगितलं तेच जरा उकलून सांगतो. आपण आधी उभे गट ओढतो. बॅडमिंटनच्या रॅकेटला उभे २२ असतात. प्रत्येकाला २४-२५ पाउंडचा ताण. हे सगळे मिळून रॅकेटचं डोकं वरून खाली दाबतात, आणि लंबगोल फ्रेम आखूड होऊन कडेने फुगायला बघते. नंतर आडवे ओढले की ती परत आत येते आणि मूळ आकाराला जाते. म्हणजे उभे झालेत आणि आडवे व्हायचेत, या मधल्या वेळेत फ्रेम सगळ्यात जास्त संकटात असते. दोन टोकांचं मशीन त्या वेळी कडेला काहीच धरत नाही, आणि वर-खाली जिथे धरतं तिथे सगळा भार एका बिंदूवर येतो. सहा ठिकाणच्या मशीनमध्ये वर-खाली आतून आणि चार खांद्यांना बाहेरून आधार असतो. फ्रेम फुगायला गेली तर तिला अडवणारं कोणीतरी असतं.

टेनिसची फ्रेम दणकट असते, ती दोन टोकांवरही बऱ्यापैकी निभावते. दोन टोकांचं मशीन घेऊन वर्षानुवर्षं स्वतःच्या टेनिस रॅकेट करणारे लोक आहेत, आणि त्यांचं काही बिघडत नाही. गडबड इथेच होते. स्वस्त मशीनबद्दल जे चांगलं ऐकायला मिळतं ते बहुतेक घरी स्वतःची टेनिस रॅकेट करणाऱ्यांचं असतं. तुम्ही दुकानदार आहात. माझ्याकडे टेनिसच्या रॅकेट महिन्याला चार-पाच येतात, बाकी सगळं बॅडमिंटन. पुण्या-मुंबईत टेनिसचं प्रमाण वेगळं असेल. पण लहान शहरात 'टेनिस मशीन' म्हणून जे विकलं जातं त्यावर तुम्ही मुख्यतः बॅडमिंटनच करणार आहात. तेव्हा विचारायचं ते असं विचारा: बॅडमिंटनची बारीक फ्रेम धरायला वेगळे अ‍ॅडॉप्टर सोबत येतात का? आणि क्लॅम्पचे दात बॅडमिंटनच्या दाट विणीत शिरतात का? टेनिसचा गट साधारण १.२५ ते १.३० मिलिमीटर जाड असतो. बॅडमिंटनचा नेहमीचा, म्हणजे योनेक्सचा बीजी-६५ घ्या, तो ०.७० मिलिमीटर. टेनिसच्या रुंद दातांचा क्लॅम्प त्या विणीत घुसवायला गेलात तर शेजारचे गट खरवडले जातात. गट महिन्याभरात तुटतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, तुमचा माल डुप्लिकेट आहे.

सुटे क्लॅम्प आणि बसवलेले क्लॅम्प

एक गट ओढला की पुढचा ओढेपर्यंत त्याला धरून ठेवायचं, हे क्लॅम्पचं काम. सुटा क्लॅम्प कशालाच बांधलेला नसतो. तो शेजारच्या आधी ओढलेल्या गटाचा आधार घेऊन नव्या गटाला धरतो. ताण सोडला की तो थोडा कलतो. तेवढ्या कलण्यात थोडा ताण गेला. प्रत्येक गटाला थोडा थोडा गेला तर तुम्ही २४ लावलेत आणि रॅकेट निघाली कमीची. शिवाय पहिला गट ओढताना शेजारी धरायला काहीच नसतं, तिथे वेगळी कसरत.

टेबलात बसवलेला क्लॅम्प खालच्या पट्टीवर सरकतो आणि तिथेच घट्ट होतो. तो कलत नाही. ड्रॉप-वेट मशीनमध्येही हे मिळतं, फक्त त्याला जास्त पैसे पडतात, आणि मी म्हणतो ते तिथेच घाला. सुट्या क्लॅम्पवर उत्तम काम करणारे हात नाहीत असं नाही. पण तो हात तयार व्हायला शंभरेक रॅकेट लागतात, आणि त्या शंभर रॅकेट तुमच्या गिऱ्हाइकांच्या असतात.

आता ताण देणाऱ्या भागाकडे

इथे तीन प्रकार. वजनाची दांडी, हाताने फिरवायचा क्रँक आणि इलेक्ट्रॉनिक.

दांडीचं तत्त्व आपल्या जुन्या तराजूचं. वजन दांडीवर ठरावीक खुणेला लावायचं, दांडी खाली सोडायची, ती आडवी झाली की ताण बरोबर. यात स्प्रिंग नाही, मोटर नाही. गुरुत्वाकर्षण काही जुनं होऊन ढिलं पडत नाही. दांडी अगदी लेव्हलमध्ये आली नाही म्हणून नवीन माणूस घाबरतो. गणित करून बघा: दांडी १० अंशांनी कललेली राहिली तरी फरक दीड टक्का, म्हणजे २४ पाउंडावर अर्ध्या पाउंडालाही कमी. तरी दांडीला रॅचेट असलेलंच घ्या, म्हणजे गट न सोडता दांडी परत वर घेता येते. हे नसेल तर रोज चिडचिड.

क्रँक हाताने फिरवत गेलं की ठरलेल्या ताणाला खटकन लॉक होतं. वेगवान आहे, आणि मलाही आवडतं. पण लॉक झाल्यावर ते पुढे ओढत नाही. गट मात्र ताणला गेल्यावर थोडा वेळ लांबतच असतो, त्यामुळे त्यातला ताण उतरत जातो. दांडी किंवा इलेक्ट्रॉनिक तसं होऊ देत नाही, गट लांबला तरी ओढ चालूच राहते. म्हणून त्याच आकड्याला क्रँकवर केलेली रॅकेट थोडी सैल लागते. शिवाय आत स्प्रिंग आहे, ती अधूनमधून तपासावी लागते.

इलेक्ट्रॉनिक म्हणजे बटण दाबलं, ओढलं. अचूक, सोपं, हात दुखत नाहीत. आणि लाईट गेली की उभे ओढून झालेली रॅकेट तशीच मशीनवर. मघाशी म्हणालो, फ्रेम सगळ्यात जास्त संकटात असते ती याच वेळी. इन्व्हर्टर आहे का, हा प्रश्न डीलर तुम्हाला विचारणार नाही, तो तुम्ही स्वतःला विचारा.

"पण सर, वेळ किती जातो दांडीवर!" हे ऐकायला येतंच. मोजूया. बॅडमिंटनला उभे-आडवे मिळून ४४च्या आसपास ओढण्या. दांडीवर प्रत्येक ओढणीला १० सेकंद जास्त धरा. झाले ४४० सेकंद, म्हणजे सव्वासात मिनिटं. टेनिसला १६ उभे १९ आडवे हा नेहमीचा पॅटर्न, तिथे त्याहून कमी. खरा वेळ जातो आडवे विणण्यात, एक वरून एक खालून. आणि विणायला कुठलंच मशीन येत नाही, लाखाचं असो की दहा हजारांचं. आमच्या गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मला सुरुवातीला एका रॅकेटला दीड तास लागायचा, आता त्याच दांडीच्या मशीनवर चाळीस मिनिटं लागतात. फरक बोटांत पडला.

हिशोब

मी बीबीए केलंय, त्यामुळे ब्रेक-इव्हनशिवाय मला झोप येत नाही. खालचे आकडे माझ्या दुकानाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

रॅकेट फुटल्यानंतर मी दुसरं मशीन घेतलं ते दांडीचं, सहा ठिकाणी धरणारं, बसवलेल्या क्लॅम्पचं, ३६ हजारांना. प्रत्येक रॅकेटमागे कोल्हापूरला जाणारे १२० रुपये वाचू लागले. ३६ हजार भागिले १२० म्हणजे ३०० रॅकेट. माझ्याकडे तेव्हा आठवड्याला आठ रॅकेट यायच्या, म्हणजे ३७-३८ आठवड्यांत मशीन फिटलं. त्याच वेळी एका डीलरने मला इलेक्ट्रॉनिकचा भाव दिला होता १ लाख १० हजार, 'सोप्या हप्त्यांत'. त्याच हिशोबाने ९१७ रॅकेट. आठवड्याला आठच्या वेगाने सव्वादोन वर्षं, आणि व्याज यात धरलेलंच नाही. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. मे महिन्यात पोरं गावाला गेलीत म्हणून तो थांबत नाही.

आणि आठवड्याला तीनच रॅकेट येत असतील तर? ३६ हजारांच्या मशीनलाही शंभर आठवडे, जवळजवळ दोन वर्षं. अशा दुकानदाराला मी मशीनच घेऊ नका म्हणतो. जवळच्या करणाऱ्याशी बोला, एका दिवसात रॅकेट परत मिळेल अशी सोय लावा आणि ते ३६ हजार बूट आणि शटलच्या स्टॉकमध्ये घाला. मशीन घेतलं की रॅकेट आपोआप वाढतात, हा युक्तिवाद मीही एकेकाळी केलाय. थोड्या वाढतात. माझ्या सहा महिन्यांत आठाच्या अकरा झाल्या. त्या भरवशावर लाखाचं कर्ज काढू नये.

गटाचा नफा वेगळा. सुटी पाकिटं आणण्यापेक्षा २०० मीटरची रीळ आणा. बॅडमिंटनला १० मीटर धरले तर २० रॅकेट, टेनिसला १२ मीटर धरले तर १६. सुरुवातीला एकाच गटाची एकच रीळ. चार रंग आणून ठेवलेत तर तीन पडून राहतील.

एक बाजू मान्य करतो. इलेक्ट्रॉनिक मशीन दुकानात दिसलं की चांगला खेळाडू विश्वासाने रॅकेट देतो, हे खरं आहे. तुमच्या शेजारी अकादमी असेल, दिवसाला दहा-पंधरा रॅकेट येत असतील, तर दांडीवर तुमचा खांदा जाईल. तिथे इलेक्ट्रॉनिकच घ्या, मी अडवणार नाही. पण मग तो पहिल्या मशीनचा, कमी बजेटचा प्रश्नच राहिला नाही. मधला मार्ग हवा असेल तर चांगल्या टेबलाचं क्रँक मशीन घेता येतं. काही क्रँक मशीनच्या टेबलावर क्रँक काढून त्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक हेड सुटं विकत मिळतं. टेबल आणि क्लॅम्प चांगले असले की पुढे वाढता येतं, हे परत तिथेच आलं.

पैसे देण्याआधी

डीलरकडे जाताना स्वतःची एक जुनी रॅकेट आणि सामान तोलायचा डिजिटल काटा घेऊन जा. हो, विमानाची बॅग तोलतात तोच. काटा गटाच्या दोन तुकड्यांनी क्लॅम्प आणि ओढणीच्या मधे अडकवा आणि २४ पाउंड लावा. काट्यावर १०.९ किलोच्या आसपास यायला हवं. टेनिससाठी ५० लावलेत तर २२.७ किलो. तीनदा ओढून तीनदा तेवढंच आलं तर मशीन ठीक. दर वेळी वेगळं आलं तर डिस्प्ले कितीही सुंदर असो, उठून या. मग तुमची रॅकेट तिथेच बसून पूर्ण करून घ्या, आणि विकणाऱ्याला स्वतः करता येत नसेल तर तो तुम्हाला सर्व्हिस काय देणार हेही कळेल. क्लॅम्पचे दात आणि ओढणीचा जबडा सुटा मिळतो का, कितीला, हे विचारा. झिजतात ते हेच भाग. पक्कं बिल घ्या. 'बिलाशिवाय दोन हजार कमी' ऐकून मोहात पडू नका, कारण बिघडल्यावर दाखवायला तुमच्याकडे कागदच नसतो.

मशीनशिवाय लागणारं सामान फार नाही: कटर, लांब तोंडाची पक्कड, मोची वापरतात तसा टोच्या आणि थोडी ग्रोमेटं. टोच्याने गट असलेल्या भोकातून गट ओवताना आधीच्या गटाला टोचू नका, ही चूक सगळे करतात.

आणि रॅकेट हातात घेताना फ्रेमवरून बोट फिरवून चिरा, पोचे बघा. बॅडमिंटनच्या रॅकेटवर कमाल ताण छापलेला असतो, टेनिसच्या फ्रेमवर किती ते किती हे छापलेलं असतं. गिऱ्हाईक त्याहून जास्त मागत असेल तर पावतीवर तसं लिहून सही घ्या, आधीची चीर असेल तर तीही लिहा. त्या संध्याकाळी मी फ्रेमवरून बोट फिरवलं नव्हतं. कदाचित बारीक चीर आधीपासून असेलही. मला ते आता कधीच कळणार नाही, म्हणून तो दोष माझ्याच खात्यावर आहे.

ते १४ हजारांचं मशीन मी विकलं नाही. ५ हजाराला मागणारे आले होते. ट्रेनिंगला टेबलावर ठेवतो आणि मुलांना विचारतो, यात काय कमी आहे ते सांगा. काका अजून दुकानात येतात. मुलगी आता अकरावीला आहे, २५ पाउंड करून घेते. पहिल्यांदा परत आले तेव्हा त्यांनी नवीन मशीनला गोल फेरी मारली, चारही खांद्यांचे आधार हाताने हलवून बघितले आणि मगच रॅकेट माझ्या हातात दिली.

आता तुमचं काम. उद्यापासून चार आठवडे एक वही ठेवा. गटिंगला आलेली प्रत्येक रॅकेट लिहा, आणि 'मशीन नाही' म्हणून परत गेलेली प्रत्येक रॅकेटही. तो आकडा घेऊन या, मग कुठलं मशीन ते बोलू.